शाळेचा दरवाजा आणि परीक्षेचा निकाल

दरवर्षीं शालान्त परीक्षेचे निकाल लागले म्हणजे वर्तमानपत्रांत शाळांच्या यशाचे आंकडे झळकूं लागतात. अमक्या शाळेचा निकाल शेंकडा नव्वद, तमक्या शाळेचा शंभर, असें वाचून पालक संतोष पावतात, शिक्षकांस आपल्या श्रमांचें चीज झालेंसें वाटतें, आणि जिचा आंकडा साठांच्या घरांत राहिला त्या शाळेविषयीं लोक नापसंतीनें मान हलवितात. विद्यार्थ्यांस शिकविण्यांत व त्यांच्या उत्तरपत्रिका तपासण्यांत आमचीं बरींच वर्षें गेलीं असल्यामुळें या आंकड्यांविषयीं आमच्या मनांत अनादर नाहीं. परंतु त्यांत एक गोष्ट कधींच सांगितलेली नसते. परीक्षेस बसलेल्यांपैकीं किती उतरले, एवढेंच निकाल सांगतो. परीक्षेच्या दालनापर्यंत मुळीं पोंचले कोण, वाटेंत गळाले कोण, आणि शाळेच्या दारावरूनच परत फिरले कोण, याविषयीं तो मुका असतो. जुन्या मुंबई इलाख्यांतील सरकारी हायस्कुलांच्या इतिहासाकडे या दुसऱ्या प्रश्नाच्या बाजूनें पाहावें, असें आम्हीं या लेखांत योजिलें आहे. कारण ‘हुशारी’ हा शब्द आपण आज ज्या अर्थानें सहज वापरतों, त्या अर्थाची घडण बव्हंशीं याच शाळांतून झाली आहे.

आरंभ मौंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्यापासून करणें प्राप्त आहे. या इलाख्यांतील सरकारी शिक्षणाचा पाया ज्यांनीं घातला त्यांत त्यांचें नांव पहिलें. १८२३ सालच्या आपल्या प्रसिद्ध टिपणांत त्यांनीं एक निरीक्षण नमूद केलें आहे, तें असें कीं, मिशनऱ्यांच्या अनुभवास अगदीं खालच्या मानलेल्या जातींचीं मुलेंच सर्वांत चांगलीं ठरतात. परंतु लगेच पुढें ते बजावतात कीं, या वर्गास विशेष उत्तेजन देतांना आपण फार जपलें पाहिजे. शिक्षणाचें मूळ प्रथम त्यांच्यांत रुजलें तर तें वरच्या जातींपर्यंत कधींच पसरणार नाहीं, आणि इतर समाजास तिरस्करणीय वाटणारा एक शिकलेला वर्ग तेवढा आपल्या पदरीं पडेल. या दोन वाक्यांतील विसंगति वाचकांनीं अवश्य लक्षांत घ्यावी. हीं मुलें बुद्धीनें कमी आहेत, असें एल्फिन्स्टन यांनीं कोठेंहि म्हटलेलें नाहीं. उलट त्यांच्या गुणाची साक्ष त्यांनींच काढली, आणि ती नोंदून राजकीय सोयीसाठीं बाजूस ठेविली. पुढें ‘वरून खालीं झिरपणारें शिक्षण’ म्हणून जें धोरण प्रसिद्धीस आलें, त्याचें बीज या सावधगिरींत स्पष्ट दिसतें.

एल्फिन्स्टन यांनीं नोंदविलेली साक्ष खरी होती, याचा प्रत्यय पुण्यास लवकरच आला. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८४८ सालीं मुलींची शाळा काढली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत महारमांगांच्या मुलांसाठींहि शाळा चालविल्या. त्यांच्या शाळेंत शिकणाऱ्या मुक्ता नांवाच्या एका मांग मुलीनें आपल्या समाजाच्या दुःखाविषयीं लिहिलेला निबंध १८५५ सालीं ‘ज्ञानोदयां’त प्रसिद्ध झाला. तो आजहि वाचणारास थक्क करतो. ज्या मुलीस थोड्याच वर्षांपूर्वीं अक्षरओळख होण्याचाहि संभव नव्हता, तिनें युक्तिवाद करावा, धर्मशास्त्राच्या नांवानें चाललेल्या व्यवहारास प्रश्न विचारावे, आणि तेहि अशा तडफेनें कीं उत्तर देणारानें निरुत्तर व्हावें, ही गोष्ट कोणत्याहि परीक्षेच्या निकालापेक्षां कमी मोलाची नव्हे.

असें असतांहि सरकारी शाळेचें दार या मुलांस उघडें नव्हतें. १८५६ सालच्या जून महिन्यांत धारवाड येथील एका महार मुलानें मुंबई सरकारकडे अर्ज केला कीं, येथील सरकारी शाळेंत मला घेत नाहींत, तरी न्याय व्हावा. त्याच वर्षाच्या जुलै महिन्यांत सरकारनें आपला ठराव दिला. तात्त्विक न्याय अर्जदाराच्या बाजूस आहे, हें सरकारनें त्यांत मान्य केलें. परंतु एका मुलाला वर्गांत बसविल्यानें इतर सर्व मुलें उठून जातील व शाळाच निरुपयोगी होईल, या भयानें अर्ज नामंजूर केला. सरकारच्या समजुतीप्रमाणें असा अर्ज घेऊन आलेला तोच पहिला महार होता, आणि हें एकटेपणच त्याच्या विरुद्धचें कारण ठरलें. जो कोणी प्रथम येईल तो एकटाच असणार. आणि एकटा आहे म्हणून त्यास परत धाडिलें, तर दुसरा येणार कोठून, हा साधा विचार ठराव लिहिणारांस सुचला नाहीं. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारास हा निर्णय रुचला नाहीं, आणि १८५८ सालच्या एप्रिल महिन्यांत विलायतेहून कोर्ट ऑफ डायरेक्टर्सनीं असें कळविलें कीं, सरकारी शाळा सर्व वर्गांस कसलाहि भेद न करितां खुल्या असल्या पाहिजेत. तत्त्व कागदावर आलें. मात्र कागदावरील तत्त्व वर्गांतील बांकापर्यंत पोंचण्यास किती काळ लागतो, तें पुढील आंकड्यांवरून दिसेल.

मध्यंतरीं १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें, १८५९ सालीं पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली, आणि १८६२ सालीं पदवीधरांची पहिली तुकडी बाहेर पडली. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे ते चौघे. यांच्या विद्वत्तेविषयीं कोणीहि शंका घेणार नाहीं. महाराष्ट्राच्या पुढील पन्नास वर्षांच्या वैचारिक जीवनावर त्यांतील दोघांची तरी छाप स्पष्ट उमटली आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, निवड करणारी चाळण जेथें लाविली होती तेथवर आलेल्या मुलांतून ती निवड झाली होती, आणि चाळणीपर्यंत फारच थोड्यांस येतां आलें होतें.

हें ‘फारच थोडे’ म्हणजे किती, याचें मोजमाप आपणांस १८८१–८२ सालच्या आंकड्यांवरून करितां येतें. १८८२ सालीं डॉ. हंटर यांच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणविषयक कमिशन नेमलें गेलें, त्या सुमाराची ही मोजदाद आहे. या इलाख्यांतील हायस्कुलांत त्या वर्षीं सर्व मिळून ४,९०९ विद्यार्थी होते. त्यांपैकीं ब्राह्मण १,९७८, पारशी ९६५, मुसलमान १००, ख्रिस्ती १११, आणि हिंदूंपैकीं शेतकरी म्हणून नोंदलेल्या वर्गाचे १४० होते. उरलेल्या इतर हिंदु जातींचे १,५७३ भरतात. ज्या रकान्यावर सरकारी कोष्टकांत ‘हलक्या जाती’ असा मथळा आहे, त्या रकान्यांत शून्य आहे.

हें शून्य पाहून कोणी म्हणेल, त्या लोकांस शिक्षणाची आवडच नव्हती. पण याच कोष्टकाची खालची पायरी पाहा. प्राथमिक शाळांत त्याच वर्षीं याच जातींचीं २,८६२ मुलें होतीं. त्यावरच्या मधल्या शाळांत तीं १७ राहिलीं, आणि हायस्कुलांत एकहि उरलें नाहीं. ब्राह्मण मुलें प्राथमिक शाळांत ६३,०७१, मधल्या शाळांत ३,६३९, आणि हायस्कुलांत १,९७८ होतीं. म्हणजे खालीं असलेल्या बत्तीस मुलांमागें वर एक. पारशांत साडेतीन-चार मुलांमागें एक असें प्रमाण पडतें. मुसलमानांत प्राथमिक शाळांतील ३९,२३१ मुलांस हायस्कुलांत अवघीं १००, म्हणजे सुमारें चारशांमागें एक. हे सर्व आंकडे एकाच वर्षाचे आहेत, त्यामुळें तेंच मूल पायरी पायरीनें वर चढलें असा अर्थ त्यांतून काढतां येणार नाहीं, ही गोष्ट आम्ही विसरलों नाहीं. तरीहि जिना कोणास किती उंच होता, हें त्यांवरून पुरेसें कळतें. शिक्षणाची आवड नसती तर पहिल्याच पायरीवर अठ्ठावीसशें मुलें आलीं नसतीं.

याच वर्षीं, १९ ऑक्टोबर १८८२ रोजीं, जोतीराव फुले यांनीं कमिशनपुढें आपलें निवेदन सादर केलें. सरकारी तिजोरींतील बहुतेक पैसा रयतेच्या घामांतून येतो, आणि त्यांतून उच्च शिक्षणावर होणाऱ्या खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांस मिळतो, ही त्यांची तक्रार होती. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, ही मागणी होती. हायस्कुलांतील पांच हजारांजवळच्या मुलांत शेतकरी वर्गाचीं एकशें चाळीस, आणि कॉलेजांत तर अवघीं पांच, हे आंकडे या तक्रारीशेजारीं ठेवून पाहिले म्हणजे तींत अतिशयोक्ति होती असें कोणी म्हणणार नाहीं.

आतां एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे, कारण तो आमच्याच घरांतून येतो. आमच्या पिढीच्या अनेक कुटुंबांत अशी कथा सांगितली जाते कीं, आजोबांनीं किंवा पणजोबांनीं माधुकरी मागून, वार लावून, रस्त्यावरील दिव्याखालीं अभ्यास करून विद्या मिळविली. तेहि गरीबच होते, मग गरिबीचें निमित्त इतरांनींच कां सांगावें? या कथा खोट्या नाहींत. गोपाळ गणेश आगरकरांसारख्यांचें विद्यार्थीजीवन किती हालांत गेलें, हें सर्वश्रुत आहे. पण या कथेंत जें गृहीत धरलेलें असतें तें नीट पाहावें. वार लावून जेवणें म्हणजे काय? सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या घरीं, अशीं आठवड्याचीं सात घरें एका परक्या मुलास पानावर बसवून घेत असत. विद्यार्थ्यास अन्न घालणें हें पुण्यकर्म होय, अशी त्या घरांची श्रद्धा होती. ही एक न लिहिलेली शिष्यवृत्तीच होती. तिला अर्ज लागत नसे, सरकारी मंजुरी लागत नसे. लागे ती फक्त जात. महाराचा किंवा मांगाचा मुलगा कितीहि बुद्धिमान असला तरी पुण्याच्या कोणत्या घरीं त्याचा सोमवार लागला असता? तेव्हां दारिद्र्य दोघांचेंहि होतें. पण एकाच्या दारिद्र्याला समाजानें सात दिवसांचा आधार दिला होता, आणि दुसऱ्याच्या वांट्यास तें उघडें, निराधार असें आलें होतें. आमच्या आजोबांच्या कष्टांचा मान राखूनच आम्ही हें म्हणतों.

अशा स्थितींत ७ नोव्हेंबर १९०० रोजीं साताऱ्याच्या सरकारी शाळेंत, इंग्रजी पहिल्या इयत्तेंत, एका नऊ वर्षांच्या मुलाचें नांव दाखल झालें. पटावर अनुक्रमांक १९१४ समोर ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद आहे. १८५६ च्या अर्जापासून ४४ वर्षांनीं दरवाजा एवढा उघडला होता. परंतु दाराच्या आंतहि एक दार होतें. या मुलास वर्गांत इतरांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर बसावें लागे. तहान लागली तर दुसऱ्या कोणीं वरून पाणी ओतल्याशिवाय तें मिळत नसे. पुढें कुटुंब मुंबईस आलें व तो एल्फिन्स्टन हायस्कुलांत शिकूं लागला. परळच्या चाळींतील एका खोलींत सारा संसार. पहांटेपूर्वीं वडिलांनीं उठवावें आणि घर जागें होण्याच्या आंत त्यानें अभ्यास करावा, असा क्रम असे. संस्कृत शिकण्याची त्याची इच्छा होती, पण ती पुरी होऊं शकली नाहीं; त्यास फारशी घ्यावी लागली. १९०७ सालीं तो मॅट्रिक झाला. ७५० पैकीं त्यास २८२ गुण मिळाले.

या आंकड्यापाशीं आम्ही क्षणभर थांबतों. २८२ म्हणजे शेंकडा अडतीसहि भरत नाहींत. आज एखाद्या शाळेच्या निकालपत्रांत हा आंकडा दिसला, तर त्या मुलाची गणना आपण शेवटच्या बांकावर करूं. तरी त्या वर्षीं त्याच्या अभिनंदनार्थ सभा भरली, सीताराम केशव बोले हे तिचे अध्यक्ष होते, आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर या थोर शिक्षकानें आपण लिहिलेलें बुद्धचरित्र त्यास भेट दिलें. याच केळुसकरांच्या खटपटीनें पुढें सयाजीराव महाराजांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ति त्यास मिळाली, १९१२ सालीं तो पदवीधर झाला, १९१३ सालीं अमेरिकेस गेला, आणि कोलंबिया व लंडन अशा दोन विद्यापीठांची डॉक्टरेट त्यानें संपादन केली.

मग १९०७ सालच्या परीक्षकांनीं अन्याय केला काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. आम्हीं स्वतः उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. परीक्षकापुढें कागद असतो, आणि कागदावर जें असेल त्याचेच गुण त्यानें द्यावयाचे असतात. चूक कागद तपासणाराची नसते. त्या गुणांवरून मुलाच्या बुद्धीचें, आणि त्याहीपुढें जाऊन त्याच्या सबंध जातीच्या बुद्धीचें माप काढणाराची असते. २८२ या आंकड्यांत गोणपाट दिसत नाहीं, एका खोलीचा संसार दिसत नाहीं, नाकारलेलें संस्कृत दिसत नाहीं. केळुसकरांस तें दिसलें. आणि दिसलें म्हणून त्यांनीं पुस्तक देऊन पाठ थोपटली व तेवढ्यावरच न थांबतां खर्चाची सोयहि लावून दिली.

एका असामान्य पुरुषाच्या उदाहरणावरून सर्वसाधारण नियम काढूं नये, असें कोणी म्हटल्यास तें रास्त होईल. म्हणून पुनः आंकड्यांकडे वळूं. आणि ते याच पुरुषानें पुढें मांडले आहेत. १२ मार्च १९२७ रोजीं मुंबई कायदेकौन्सिलांत शिक्षणाच्या अनुदानावर बोलतांना डॉ. आंबेडकरांनीं लोकसंख्येशीं पडणारें विद्यार्थ्यांचें प्रमाण सांगितलें. प्राथमिक शाळांत दर हजार लोकांमागें प्रगत हिंदूंचीं ११९ मुलें, मुसलमानांचीं ९२, मधल्या वर्गाचीं ३८, आणि मागासलेल्या वर्गाचीं १८. दुय्यम शाळांत दर लाखामागें हेच आंकडे अनुक्रमें ३,०००, ५००, १४० आणि १४ असे होते. आम्हीं दोन्ही प्रमाणें एका मापावर आणून पाहिलीं. प्रगत हिंदूंत प्राथमिक शाळेंतील चार मुलांमागें एक दुय्यम शाळेंत दिसतें. मुसलमानांत अठरांमागें एक. मधल्या वर्गांत सत्तावीसांमागें एक. आणि मागासलेल्या वर्गांत सुमारें एकशें एकोणतीस मुलांमागें एक. १८५८ सालीं दार तत्त्वतः उघडल्यास या वेळीं जवळजवळ सत्तर वर्षें झालीं होतीं.

या जिन्याच्या पायऱ्या कमी कशा होतील, याचें उत्तर ज्यांनीं शोधिलें त्यांनीं प्रथम जेवणाचा व राहण्याचा प्रश्न हातीं घेतला, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. कोल्हापुरास शाहू महाराजांनीं १९०१ सालीं मराठा विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृह काढलें, आणि मग एकामागून एक निरनिराळ्या जातींचीं वसतिगृहें तेथें उभीं राहिलीं. अस्पृश्य गणलेल्या मुलांसाठीं मिस क्लार्क वसतिगृह १९०८ सालीं निघालें. भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९२४ सालीं साताऱ्यास असें वसतिगृह चालू केलें कीं, जेथें सर्व जातींचीं मुलें एकत्र राहत, एकत्र जेवत व स्वतः काम करीत. मुलांच्या अन्नाकरितां भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरचे दागिने, शेवटीं मंगळसूत्रहि मोडलें. जें काम पूर्वीं ब्राह्मण मुलासाठीं सात घरांची श्रद्धा करीत होती, तें येथें एका बाईच्या मंगळसूत्रानें केलें. १९४० सालीं याच संस्थेनें सयाजीराव महाराजांच्या नांवानें साताऱ्यास हायस्कूल काढलें. ज्या गांवीं एका मुलास चाळीस वर्षांपूर्वीं गोणपाटावर बसविलें होतें, त्याच गांवीं हें घडलें, हें विशेष.

आज त्या जुन्या इलाख्याची व्यवस्था उरलेली नाहीं. राज्यघटनेनें अस्पृश्यता नष्ट केली. २००९ सालच्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा हक्क दिला. आणि २०१७ सालापासून ७ नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रांत विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. हें सर्व समाधानाचें आहे. परंतु निकाल वाचण्याची आपली रीत मात्र फारशी बदललेली दिसत नाहीं. शेंकडा शंभर निकाल लावणारी शाळा मुलांस निवडून घेते काय, कच्च्या मुलांस नववींतच वाट दाखविते काय, याची चौकशी न करितां आपण तिची वाहवा करितों. आणि जी शाळा येईल त्याला घेते, आईबाप कामावर गेल्यावर धाकट्या भावंडांस सांभाळणाऱ्या मुलीला दहावीपर्यंत आणून पोंचविते, तिच्या साठ टक्क्यांकडे आपण तुच्छतेनें पाहतों.

म्हणून आमची एक साधी सूचना आहे. शाळेनें निकालाचा आंकडा फळ्यावर लिहितांना त्याच्याशेजारीं आणखी दोन आंकडे लिहावे. पांचवींत आपल्याकडे किती मुलें होतीं, आणि त्यांपैकीं किती दहावीच्या परीक्षेस बसलीं. तीं कोणत्या वस्तींतून येतात, हेंहि शिक्षकांनीं निदान स्वतःशीं तरी मोजावें. १८८१–८२ च्या कोष्टकांतील तें शून्य कोणा मुलाच्या बुद्धीचें नव्हतें. तें त्या शाळांचें होतें, आणि त्यांस शाळा म्हणणाऱ्या आपल्या समाजाचें होतें. तसलें शून्य आज कोणत्या रकान्यांत दडलें आहे, तें शोधण्याचें काम ज्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या पुस्तकें आहेत त्यांच्याकडे प्रथम येतें.